पाचव्या पानावरची म्हैस

अमरावती
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

नितेश,

जमना रेबीजनेच गेली. आज दुपारी पावणेतीन वाजता गुरांच्या दवाखान्यातल्या डॉ. आकांक्षाने फोनवर सांगितलं. मागच्या मंगळवारी म्हैस मेल्यावर तिनेच मेंदूचा नमुना अकोल्याला तपासायला पाठवला होता. अहवाल आता तिच्या हातात आहे आणि त्यात शंकेला जागा नाही. तुला तिने चार वेळा फोन केला, पण अनोळखी नंबर तू उचलत नाहीस. आकांक्षा भातकुलीच्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आपण भाऊबहीण आहोत एवढंच तिला माहीत आहे. दोन वर्षांत आपण एकमेकांशी बोललो नाही हे तिला माहीत नाही, आणि मीही सांगितलं नाही. "सांगते त्याला," म्हणाले.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून लिहिते आहे. या कागदांचे फोटो पायलला पाठवते. ती बार्शीटाकळीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून तुझ्या हातात देईल. मेहुणीच्या, प्रणालीच्या बहिणीच्या हातचा कागद तरी तू न वाचता फाडणार नाहीस.

आता नीट वाच. जमनाच्या घशात काहीही अडकलं नव्हतं. रेबीज झालेल्या गुराला गिळता येत नाही. घसा लुळा पडतो, ते मान पुढे ताणतं, खाकरल्यासारखं करतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलं. मग घरातलंच कोणीतरी बाही वर सारून आत हात घालतं. आकांक्षा म्हणाली, "मॅडम, मी दरवर्षी हेच पाहते. कुत्रा चावला की लोक पळत येतात. म्हशीच्या तोंडात हात घालणारा येत नाही. म्हणतो, म्हैस थोडीच चावली!"

मागच्या सोमवारी तू कोपरापर्यंत हात घातला होतास, हे पायलकडून कळलं. जमनाच्या तोंडातून लाळ दोऱ्यासारखी खाली लोंबत होती, तुटत नव्हती. ती लाळ म्हणजेच रोग. हाताला कुठे खरचटलं असेल, नखाजवळ सालपट निघालं असेल, तर आत शिरायला तेवढी वाट त्याला पुरते. डिसेंबरात हरभऱ्याच्या वावरात कोल्हं तिच्या नाकपुडीला झोंबलं होतं ना? तिथूनच आलं असेल असं आकांक्षाला वाटतं.

दुधाची काळजी करू नको. तापवलेल्या दुधाने कोणाला काही होत नाही. भीती आहे ती लाळेची.

उद्या आकांक्षा आणि आरोग्य केंद्राची माणसं गावात येतील. तू लस घे, प्रणालीला घ्यायला लाव. आणि आचल. आचलला सगळ्यात आधी ने. लेकरं गुरांजवळ कधी जातात, कुठे हात लावतात, आपल्याला कळत नाही. ती काहीही म्हणो, तिला टोचून घे. अकरा वर्षांची पोर आहे, सुईला भिईल. भिऊ दे.

कोणालाच काही झालेलं नाही म्हणून थांबू नको. हा रोग नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. कधी महिना घेतो, कधी तीन महिने, कधी त्याहून जास्त. तोवर माणूस जेवतो, हसतो, शाळेत जातो. तेवढ्या वेळात लस मिळाली तर तो वाचतो. मेंदूत पोचल्यावर कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. वीस वर्षं मी हे वर्गात सांगत आले आहे. आज तेच तुला लिहिते आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. दोन्ही दंड दुखत आहेत. फळ्यावर फार लिहिलं की होतं तसं.

नीलमताई


अमरावती
मंगळवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळ

नितेश,

तू आणि प्रणालीने पहिली लस घेतली, हे पायलने सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसले. मग तिने आचलचं सांगितलं आणि मी उठून उभी राहिले.

समाजमंदिरात म्हणे जत्रेएवढी गर्दी होती. डोमाजी कोंबडा बगलेत धरून रांगेत उभे. "जमनाच्या टोपल्यातली सरकी खाल्ली यानं. याले बी एक सुई टोचून द्या, मॅडम." आकांक्षा म्हणाली, कोंबड्याला हा रोग होत नाही. तर मागून इंदूबाई, "कोंबड्याले होत नाई तं डोमाजीले कायले टोचता? दोघं बी सारखेच आरवतात." सगळे हसले. पण त्याच इंदूबाईने तलावातून आणलेले मासे उकिरड्यावर फेकले, जमना त्या पाण्यात डुंबायची म्हणून. आणि रात्री वळचणीला पाल चुकचुकली तर पोरं घराबाहेर पळाली.

तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, तो पिसाळत नाही. ओल्या कातडीचा बेडूक पिसाळत नाही. खवल्यांचे साप, पाली, सरडे, त्यांनाही काही होत नाही. कोंबडीचं रक्त आपल्यासारखंच गरम, पण तिच्या अंगावर पिसं आहेत आणि ती अंडी घालते, तिलाही होत नाही. पाठीचा कणा या सगळ्यांनाच आहे, पण रेबीज होतो तो फक्त केस असलेल्यांना, पिल्लाला दूध पाजणाऱ्यांना. कुत्रा, मांजर, कोल्हा, बकरी, गाय, म्हैस. एका वर्गाला एक पान धरलं तर हे सगळे पाचव्या पानावरचे. आणि त्याच पानावर आपण आहोत.

आता आचल. नर्सने तिला विचारलं म्हणे, "म्हशीच्या तोंडाले हात लावला होता का, बाई?" तर "नाई." "लाळ लागली होती अंगाले?" तर "नाई." पायल म्हणते, ती दोन्ही वेळा स्वतःच्या पायांकडे पाहत होती. मग तू म्हणालास, "पोरगी गोठ्याजवय गेलीच नाई. तिले कायले टोचता?" आणि तिचं नाव यादीतून काढायला लावलंस. पायल मध्ये बोलली तर तिला म्हणालास, "तुह्या नीलमताईले सांग, पयले तुह्यं लग्न मोडलं, आता माह्या पोरीच्या मांगं लागली काय? आन् अमरावतीत बसून तिले लाळ कशी दिसली?"

लाळेचं वर्णन पुस्तकात असतं. मी तेच शिकवते.

लग्नाचं म्हणशील तर, पायल सोळा वर्षांची होती आणि मी चाइल्डलाइनला फोन केला होता. हे मी कधी नाकारलं नाही. अधिकारी मांडवात आले तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले, ते तू पाहिलंस, मी पाहिलं नाही. त्या दिवशी तू म्हणालास, "ताई, तू खरी असशीन. पन आता माह्या दारात येऊ नोको." पायल आज अकोल्यात नर्सिंग शिकते आहे, तेव्हा मी खरी होते असंच मला वाटतं. पण त्याचा हिशेब आचलवर काढू नको. ती माझ्यावर गेली असं तू रागाने म्हणतोस, पण लेक ती तुझी आहे.

ती नाही म्हणाली म्हणून काही झालं नाही, असं होत नाही. अकरा वर्षांची लेकरं दहा कारणांनी नाही म्हणतात. लस घेऊन तिचं काही बिघडणार नाही. न घेतली तर काय होऊ शकतं ते मी काल लिहिलं आहे, पुन्हा लिहवत नाही. तिचं नाव उद्या परत यादीत घाल. मला काही कळवू नको, फक्त घाल.

नीलमताई


अमरावतीहून अकोल्याकडे, गाडीत
बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी सात

नितेश,

आचलचा हात जमनाच्या तोंडात गेला होता. मी घालायला लावला. रविवारी, दोन तारखेला, साडेअकराच्या सुमारास, तुझ्या गोठ्यात.

हे तोंडाने सांगायला आले असते तर "मी तुझ्या गोठ्यात होते" एवढं ऐकूनच तू दार लावलं असतंस, आणि आचलबद्दलचं वाक्य बाहेर राहिलं असतं. म्हणून ते आधी लिहिलं. आता बाकीचं.

सप्टेंबरपासून मी पाच रविवार आले. तू गाडी भरून अकोल्याला जातोस तेव्हा. प्रणालीवर रागावू नको. बहिणीचं शिक्षण चालू आहे हे तिला विसरता येत नाही, म्हणून तिने मला दारातून परत पाठवलं नाही. आचल शाळेसाठी कणा असलेल्या प्राण्यांची वही करत होती. एका वर्गाला एक पान. नियम माझा होता. जे डोळ्यांनी पाहिलं आणि हाताने चाचपलं तेच लिहायचं, पुस्तकातून उतरवायचं नाही. पहिल्या पानासाठी तिने मरळ माशाच्या कल्ल्यांवरचं झाकण बोटाने उचलून आतली लाल झालर पाहिली. दुसऱ्या पानासाठी बेडूक धरला. "आत्या, हा तं ओल्या साबनावानी हाय वो!" तिसऱ्याला धामणीची कात मिळाली, तिच्यावरच्या खवल्यांच्या ओळी तिने मोजल्या. चौथ्याला डोमाजीचा कोंबडा, तो तिला दोन ठिकाणी टोचला. तरी तिने एक पीस मिळवलंच.

पाचव्या पानावर जमना.

त्या रविवारी जमना खात नव्हती. मान ताणून उभी होती आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. होय, मी त्या पाहिल्या. पुस्तकात नाही. महादेवराव कुंपणापलीकडून म्हणाले, "बोंड-बिंड अडकलं असन घशात. माह्या हाताले कंप हाय, नाई तं मीच काढलं असतं," आणि आपल्या वावराकडे निघून गेले. प्रणाली घरात स्वयंपाक करत होती. माझा हात जाड, आचलचा बारीक. मी जमनाची जीभ एका बाजूला ओढून धरली आणि म्हणाले, "घाल बेटा. बघ काही लागतं का."

तिने घातला. "काई नाई लागत, आत्या. नुसतं गरम हाय."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण म्हशीला वरचे पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते, आणि हे हाताने चाचपलेलं एकही मूल माझ्या वर्गात आजवर नव्हतं. मी म्हणाले, "हात आत आहेच, तर वर पुढच्या बाजूला काय आहे ते सांग." तिने चाचपलं, डोळे मोठे केले आणि हसायला लागली. "दातच नाईत वो इले! बुढीवानी!" मलाही हसू आलं. आम्ही दोघी हसत होतो, नितेश, आणि तिचा हात आतच होता.

सकाळी ती बोरं तोडून आली होती. उजव्या हातावर काट्यांचे ओरखडे होते, मी पाहिले होते. हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटाच्या वरपर्यंत ओला होता. मी हंड्यातलं पाणी ओतलं आणि ओढणीने पुसला. साबण लावला नाही. साबण घरात होता, आणि तो मागितला असता तर प्रणालीने विचारलं असतं, कशाला.

सोमवारी आकांक्षाचा फोन ठेवला आणि मी आधी दवाखान्यात गेले. दोन्ही दंडांवर टोचून घेतलं. मग घरी येऊन तुला पत्र लिहायला बसले. क्रम असा होता. फळ्याचं मी खोटं लिहिलं.

मला वाटलं होतं, नुसतं "आचलला ने" म्हटलं की तू नेशील, तिला लस मिळेल आणि माझं नाव कुठे येणार नाही. काल पायलने मला फोनवर सरळ विचारलं, "ताई, आचलनं हात लावला होता का? तुमाले काई माईत हाय का?" मी म्हणाले, "मला इथे बसून काय माहीत?" फोन ठेवला आणि तुला मासे-कोंबड्यांची माहिती लिहीत बसले. त्या पत्रात सगळं बरोबर आहे, फक्त एक गोष्ट त्यात नव्हती.

आता आचल नाही का म्हणाली ते. त्या रविवारी निघताना मी तिला सांगितलं, आत्या आली होती हे आणि जमनाचं, दोन्ही बाबाला सांगायचं नाही. तिने गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाली, "तुही शपथ, आत्या." लहानपणी आपणही घ्यायचो. मोडली तर जिची घेतली ती मरते, आणि जिने घातली तिने स्वतःच्या तोंडाने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. काल नर्ससमोर उभी असताना आचल मार बसेल म्हणून खोटं बोलली नाही. तिने मला मरू दिलं नाही.

आज सकाळी सहा वाजता मी आकांक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. आता ऐका," आणि वर्गात मी सांगायचे तसं तिने मला एकेक सांगितलं. दहा दिवस होऊन गेले आहेत. उशीर झाला आहे, पण अजून वेळ आहे. आचलला नुसती लस चालणार नाही. जिथे जिथे कातडी फाटलेली होती तिथे तिथे सीरमही टोचावं लागतं. ते अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे आणि तिने तिथे कळवून ठेवलं आहे. पण ओरखडे आता बुजले असतील. मला आठवतात ते तीन. चौथा होता का? बोटांवर काही होतं का? दाढांना घासून कुठे झोंबलं का? मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी तिच्या हाताकडे पाहतच नव्हते, तोंडाकडे पाहत होते. एखादी जागा राहून गेली तर, एवढं विचारून मी थांबले. आकांक्षा म्हणाली, एकही जागा राहू द्यायची नाही. जागा कुठे कुठे होत्या ते फक्त आचलला विचारून कळेल.

आणि आचल सांगणार नाही. तू विचारलंस तरी नाही, तू मारलंस तरी नाही. "आत्यानेच मला लिहून सांगितलं" म्हणालास तर कागदाकडे पाहील आणि गप्प बसेल. नियम तिला पक्का ठाऊक आहे. तो मीच तिला शिकवला.

म्हणून हे मागते आहे. मी गावात येत नाही, तुझ्या दारात येत नाही. पायल अकोल्याच्या स्टेशनवर हे पत्र माझ्याकडून घेईल आणि साडेनऊपर्यंत तुझ्यापाशी पोचेल. तू आचलला आणि प्रणालीला गाडीत बसव आणि दवाखान्यात ये. फाटकाच्या आत डाव्या हाताला केसपेपरची खिडकी आहे, मी तिथे उभी असेन. केसपेपर काढून ठेवते. तिथे तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण ती आत जाऊन आल्यावर. आधी तिला माझ्यासमोर उभी कर. मी जिवंत आहे हे तिला दिसू दे आणि तो शब्द माझ्या तोंडून ऐकू दे. तेवढी पाच मिनिटं मला दे. त्यानंतरची सगळी वर्षं तुझी.

पुढच्या लसीच्या तारखा मी कागदामागे लिहिल्या आहेत: शनिवारी पंधराला, मग एकोणीसला, मग बारा मार्चला. एकही चुकवायची नाही. मी जवळ नसले तरी पायल आहे.

गाडीने मूर्तिजापूर सोडलं. समोरच्या बाकावरच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणाले, "माझ्या भाचीला दवाखान्यात नेतो आहोत." असं "आम्ही" धरून बोलण्याचा मला हक्क नाही, पण तसं निघून गेलं.

अकरा वाजेपर्यंत तुम्ही पोचाल. मी "सुटली" म्हणेन. मग डॉक्टर तिला तेच विचारतील जे काल नर्सने विचारलं. ती उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाहील. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर राग असला तर ती पुन्हा नाही म्हणेल. तेवढ्यापुरता तो कुठेतरी ठेव, नितेश. मान हलव, काही बोलू नको. मग ती उजवी बाही वर करेल, डाव्या हाताचं बोट ठेवेल आणि हळूहळू सांगायला लागेल, "इथं. आन् इथं. आन् हे इथं."

नीलम